वाकड्या हाताचा खांब

रॉचेस्टर,
१३ सप्टेंबर २००४

प्रिय चेशू,

आधी खाली बस. तुझ्या गॅरेजमध्ये चोरी झाली आहे आणि तुला त्याचा पत्ताच नाही.

फोन करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय तिकडे फ्लोरिडात तुझ्या त्या बोटीवर कुणी ना कुणी सतत हातोडा मारत असतो. म्हणून लिहिते.

काल शेजारच्या पिएत्राकबाई मला चर्चच्या हॉलमध्ये ओढून घेऊन गेल्या. जुन्या ट्रॉलीगाड्यांच्या शौकिनांचं इथे एक मंडळ आहे, त्यांचा कार्यक्रम होता. "चल गं लोजा, कॉफी फुकट आहे आणि पुरुष सगळे विधुर आहेत," असं म्हणाल्या. गेले. टोप्यांवर बिल्ले लावलेले म्हातारे रांगेने बसले होते आणि पडद्यावर एखादी गाडी वळण घ्यायला लागली की उसासे टाकत होते. त्यांच्या बायकांच्या वाट्याला असे उसासे कधी आले असतील असं वाटत नाही.

मग मंडळाचे अध्यक्ष उठले. मिस्टर ट्विचेल त्यांचं नाव. म्हणाले, यंदाची सगळ्यात मोलाची खरेदी दाखवतो. दिवे गेले आणि पडद्यावर आपली रीळ सुरू झाली.

आपली म्हणजे आपलीच, चेशू. छप्पन सालचा जून, कालव्याच्या जुन्या पात्रातून शेवटची गाडी निघते आहे, लोक रुमाल हलवताहेत आणि त्या सगळ्याच्या आरपार आई परसात चादरी वाळत घालते आहे. गाडी तिच्या कमरेतून निघते आणि उशीच्या अभ्र्यात शिरते.

ट्विचेल सगळ्यांना समजावून सांगत होते, "ज्याने कुणी हे चित्रण केलंय ना, त्या गृहस्थाने भरलेली रीळ कोरी समजून पुन्हा कॅमेऱ्यात घातली. म्हणून हे दोन चित्रांचं कडबोळं झालंय." हॉलभर हशा. मागून एक जण म्हणाला, "अहो, त्या बाईला जरा बाजूला व्हायला सांगा, गाडी झाकली जातेय."

बाबा असते तर तेही हसले असते. फिल्मच्या फॅक्टरीत काळ्याकुट्ट खोलीत उभा जन्म काढला, तिथे बोटांनी चाचपून काम केलं आणि एकदाही चूक झाली नाही. घरी लख्ख उजेडात हा घोळ. आई म्हणायचीच, "वालेंती, तुला उजेड मानवत नाही."

पुढचं ऐक. ट्विचेलनी रीळ थांबवली आणि काठी पडद्यावर टेकवून म्हणाले, "हा खांब बघा. एक हात सरळ, एक वाकडा. असा खांब आपल्या शहरात कुठल्याच मार्गावर नव्हता. उन्हाळाभर आमचा वाद चाललाय. मासिकात मी लेख लिहिलाय यावर." आणि सगळे म्हातारे पुढे झुकून आपला कपडे वाळत घालायचा खांब बघायला लागले. बाबांनी फॅक्टरीच्या भंगारातल्या पाइपांचा केलेला, तू माकडासारखा लोंबकळून ज्याचा एक हात वाकवलास आणि त्याबद्दल चांगला मार खाल्लास, तो खांब. अजून तिथेच उभा आहे. कालच त्यावर मी टॉवेल घातले होते.

मी तिथे काही बोलले नाही. आधी तुझ्या कानावर घालावं असं वाटलं. बाबांना पोचवून आलो त्या दिवशी रिळांचा डबा मी माझ्या हाताने तुला दिला होता, बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळून. तू म्हणाला होतास, नाताळपर्यंत सगळं कॅसेटवर घालून देतो. तेव्हा डबा तुझ्याकडे होता आणि आता रीळ ट्विचेलकडे आहे, म्हणजे मधे कुणीतरी हात मारला. तुझ्याकडच्या त्या कामवाल्यांपैकीच कुणीतरी असणार. पोलिसांना कळव. बाकीच्या रिळा गेल्या असल्या तरी चालेल, त्यांत नुसत्या सहली आणि फॅक्टरीच्या मेजवान्या आहेत. कॅमेरा दिसला की आई तोंडावर एप्रन घेऊन पळायची, त्यामुळे ती त्यांत कुठेच नाही. हलणारी, चालणारी आई जगात या एकाच रिळेत आहे, आणि तीही बाबांनी कॅमेरा खिडकीत लपवून ठेवला म्हणून.

मी तुला दोष देत नाही, हे लक्षात ठेव. चोरी कुणाकडेही होते.

तुझी,
लोजा


रॉचेस्टर,
२७ सप्टेंबर

चेस्टर,

तुझा फोन आला आणि आधी तू हसलास. ते हसणं माझ्या कानात अजून आहे, म्हणून तेवढंच आधी लिहून काढते.

"चोरी कसली, लोजा? मी विकली. वसंतात इकडे जुन्या वस्तूंचा बाजार होता, तिथे हे ट्विचेल गाड्यांच्या वस्तू शोधत आले होते. सगळा डबा चाळला त्यांनी आणि तेवढी एकच उचलली. तुला सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं. दूध आणायचं राहतं, चेस्टर. आईला विकल्याचं सांगायचं राहून जात नाही.

मी विचारलं, कॅसेट केलीस का विकण्याआधी? तू म्हणालास, करणार होतो. मी विचारलं, मग मला का नाही विचारलंस? तू म्हणालास, "तू नाही म्हणाली असतीस." हे तू अगदी सरळपणे सांगितलंस. घरफोड्याने घरमालकाला हेच सांगावं.

नंतर तू आवाज खाली आणून म्हणालास, "मला आई आठवतच नाही गं. मी एवढासा होतो. मला आठवते ती ती रीळ." त्या वेळी माझा राग थोडा निवाला होता, खोटं कशाला बोलू. फोन ठेवल्यावर बीट चिरायला बसले आणि मग डोक्यात उजेड पडला. मला निदान तिच्या हाताचा वास आठवतो, तिच्या शिव्या आठवतात. तुझ्याजवळ आई म्हणून फक्त तेवढंच होतं. म्हणजे स्वतःच्या वाट्याची सगळीच्या सगळी आई तू विकलीस. माझ्या वाट्याची विकलीस ती वेगळीच.

तुला आठवत असेल, नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवण झालं की बाबा डबा काढायचे. आधी प्रत्येक रीळ नाकाशी धरायचे, कारण फीत कुजायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो. मग ही रीळ लावायचे, आणि संपली की गुंडाळून न ठेवता उलटी चालवायचे. गाडी मागे यायची, रुमाल खाली जायचे, चादरी दोरीवरून उडून आईच्या हातात यायच्या. तू टाळ्या वाजवायचास. एकदा म्हणालास, "बाबा, परत. गाडीला परत आणा." आई जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. बाबांनी परत लावली आणि मग उठून भांडी घासायला गेले.

किती मिळाले ते मला सांगू नकोस. मला तो आकडा डोक्यात घेऊन झोपायचं नाही.

मी ट्विचेलकडे जाणार आहे.

लोजा


रॉचेस्टर,
१९ ऑक्टोबर

चेस्टर,

जाऊन आले. दोनदा फोन करून वेळ घेतली, केस विंचरून, चांगला कोट घालून गेले. माणूस वाईट नाही. दंतवैद्य होता, अजूनही बोलताना आपल्या डोळ्यांत न बघता दातांकडे बघतो. घरभर गाड्यांच्या पाट्या, कंदील, तिकिटं. स्वयंपाकघरात बसायला एकच खुर्ची, दुसरीवर एक भलीमोठी घंटा. ती उतरवून त्याने मला बसवलं.

मी म्हटलं, "त्या रिळेतली बाई माझी आई आहे."

त्याने मान डोलावली, मला वाटलं पटलं. पण म्हणाला, "बाईसाहेब, राग मानू नका. कार्यक्रमानंतर आणखी दोघींनी मला हेच सांगितलं. एकीची ती आजी होती, एकीची मावशी. पाठमोरी बाई, डोक्याला रुमाल, चादरी घालतेय. त्या काळी हडसन रस्त्यावरच्या पोलिश वस्तीत अशा बाया घरोघरी होत्या."

"माझ्या भावाने तुम्हाला रीळ विकली. त्याला विचारा."

तेव्हा तो अवघडून घंटेवरची धूळ पुसायला लागला. मग त्याने सांगितलं. खरेदी करताना त्याने तुला स्वतःहून विचारलं होतं, ही बाई कोण, तुमच्या घरातली आहे का? घरातलं माणूस चित्रात असलं की मंडळ घरच्यांची संमती घेतल्याशिवाय रीळ घेत नाही, तसा त्यांचा नियमच आहे. बेवारस असली तरच घेतात. आणि तू म्हणालास, "छे हो. डबा मला एका जुन्या बाजारात मिळाला. ती कोण मला काय माहीत? असेल कुणाची तरी धोबीण."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे. तुझ्या हस्ताक्षरात नाही, तरी तुझंच आहे.

चेस्टर, त्या चादरींपैकी दोन तुझ्या होत्या. तू रात्री चादर ओली करायचास आणि आई पहाटे उठून ती कुणाला दिसायच्या आत धुवायची, शेजारच्या पोरांनी तुला चिडवू नये म्हणून. हो, होती ती धोबीण. तुझीच.

आता पुढचं नीट वाच. मंडळाने नाताळानंतर ही रीळ डिस्कवर काढायचं ठरवलंय, आणि आधी ती साफ करायची आहे. साफ म्हणजे आईला काढायचं. कुणी तरुण माणूस आहे त्यांच्याकडे, तो संगणकावर एकेक चित्र घेऊन बाई पुसणार आणि गाडी ठेवणार. "गाडी फार सुंदर आहे हो," ट्विचेल मला म्हणाला, अगदी काकुळतीला येऊन. "ती बाई नसती तर."

मी विचारलं, हे थांबवायला काय लागेल? तो म्हणाला, "विकणाऱ्याने सांगायला हवं. तुमच्या भावाने एक फोन करावा आणि म्हणावं, ती आमची आई आहे. मी त्याच दिवशी काम थांबवतो."

मी त्याला खांबाचं सांगू शकले असते. आता उठा आणि माझ्या परसात चला, एवढंच म्हणायचं होतं. नाही सांगितलं. खांबाने साक्ष द्यावी असं मला नको आहे, चेस्टर. तू द्यावीस. एक फोन. नंबर खाली लिहिला आहे. खोटं बोललास त्याबद्दल तो तुला काही करणार नाही, मी शब्द घेतला आहे. "ती आमची आई आहे," एवढं बोलायला श्वासही पुरा लागत नाही.

वाट बघते.

लोजा


रॉचेस्टर,
२२ नोव्हेंबर

चेस्टर,

तुझं कार्ड मिळालं. पुढे संत्र्याचं झाड, मागे चार ओळी. "लोजा, मी आता फोन केला तर मी खोटारडा ठरतो. इथल्या बाजारात माझं नाव आहे, मी पुढेही जुन्या वस्तू विकणार आहे. शिवाय दोन मिनिटांचं धूसर चित्र आहे, त्यात तिचा चेहरा तरी कुठे दिसतो? सोडून दे."

चेहरा दिसतो. अगदी शेवटी दिसतो. तिला खिडकीतला कॅमेरा दिसतो, ती तरातरा पुढे येते, चिमटे तोंडात, आणि ओला हात काचेवर ठेवते. त्या हाताच्या आधी क्षणभर तिचा चेहरा असतो, रागावलेला आणि हसू आवरणारा. तुला हे ठाऊक आहे, कारण उलटी रीळ लागली की पहिलं तेच यायचं, आणि तू दरवर्षी पडद्याजवळ जाऊन उभा राहायचास. बाबा म्हणायचे, चेशू, बाजूला हो, आई तुझ्या पाठीवर पडतेय. तू हलायचा नाहीस.

म्हणजे तुझं नाव राहावं म्हणून तिने पुसलं जावं. बरं. आयजीच्या जिवावर बायजी उदार असतात हे ऐकलं होतं, पण आयजी आपलीच आई असल्याचं पहिल्यांदाच बघते आहे.

शेजारचे विचारतात, चेस्टर कसा आहे? मी सांगते, मजेत आहे, बोट घेतली आहे. तुझ्यासाठी खोटं बोलायची मला जुनी सवय आहे. लहानपणी मार वाचवायला बोलायचे, आता लाज झाकायला बोलते. पण आता ती सवय मला सोसेनाशी झाली आहे.

उद्या मी ट्विचेलला फोन करणार आहे. खांबाबद्दल.

लोजा


रॉचेस्टर,
२६ डिसेंबर

चेशू,

पाकीट उघडल्याबरोबर तू ओप्लातेक शोधला असशील. दरवर्षी मी त्या पांढऱ्या पापडीचा तुझा तुकडा पत्रात घालून पाठवते आणि दरवर्षी तो टपालात मोडतो. यंदा शोधू नकोस. का नाही, ते सांगते.

मी फोन केला तेव्हा ट्विचेल म्हणाला, नक्की येतो, आणि महिनाभर आला नाही. मला वाटलं, हाही तुझ्यासारखाच. नंतर कळलं की तो पडला होता, पाय प्लास्टरमध्ये होता. परवा, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी प्लास्टर निघालं आणि तो तडक इकडे आला. असल्या माणसाला सण कसला कळणार? मी रीतीप्रमाणे टेबलक्लॉथखाली गवत पसरलं होतं, बीटचं सूप चुलीवर होतं, पिएत्राकबाई खिडकीत बसून, जेवायला बसता यावं म्हणून, पहिला तारा उगवायची वाट बघत होत्या. ढगांना शिव्याही देत होत्या. दार वाजलं. दारात ट्विचेल, हातात काठी आणि मोजायची टेप, काखेत बॅग.

"कुठे आहे तो?" नमस्कार नाही, काही नाही.

मी परसदार उघडलं. गुडघाभर बर्फातून तो लंगडत खांबापर्यंत गेला. वाकड्या हातावरचा बर्फ झटकला, टेप लावली, मागे सरकून बघितलं, पुढे येऊन बघितलं. त्याला किती आनंद झाला होता म्हणून सांगू. "हाच," म्हणाला. "हाच हो. म्हणजे हा ट्रॉलीचा नव्हताच."

"कपड्यांचा आहे."

मग त्याने खांबाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, घराच्या खिडकीकडे बघितलं. कॅमेरा ठेवला होता त्या खिडकीकडे. आणि त्याने टोपी काढली. त्या थंडीत, डोक्यावर एक केस नाही, तरी काढली.

"म्हणजे ती बाई," तो म्हणाला.

"ब्रोनिस्लावा. माझी आई."

"तुमच्या भावाला हा खांब माहीत होता?"

"त्यानेच वाकवला तो."

त्याने टेप गुंडाळून खिशात घातली. तेवढ्यात आतून पिएत्राकबाई ओरडल्या, "तारा दिसला. आणि त्या माणसाला आत घे, नाहीतर गोठून मरेल आणि आपलं जेवण राहील."

जेवायला बसवलं. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. त्या संध्याकाळी एक ताट जास्तीचं मांडायचं, न सांगता येणाऱ्यासाठी, आणि दाराशी कुणीही उभा राहिला तरी त्याला ते द्यायचं. मी दरवर्षी ते तुझ्या खुर्चीपुढे मांडते. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. तू फ्लोरिडाला गेल्यापासून मांडते, बाबा असतानाही मांडायचे, आणि तेही काही विचारायचे नाहीत. ट्विचेल नेमका त्याच खुर्चीवर जाऊन बसला. दुसरी रिकामी नव्हतीच.

त्याने हेरिंग मासा बिचकत खाल्ला आणि बटाट्याच्या सारणाचे पिरोगी मात्र मागून घेतले. मग बॅग उघडली. रीळ आणली होती त्याने, प्रोजेक्टरही. खांबाशी चित्र ताडून बघायला दोन्ही आणलं होतं. पिएत्राकबाईंनी भिंतीवरचं चित्र उतरवलं आणि आम्ही रीळ लावली. गाडी गेली, आई आली, हात काचेवर पडला. मी त्याला म्हटलं, आता उलटी लावा. तो म्हणाला, शौकीन माणसं असं करत नाहीत, फितीला इजा होते. मी म्हटलं, आमच्याकडे करतात. त्याने लावली.

हात काचेवरून उठला आणि आईचा चेहरा भिंतभर आला. भिंतीसमोर कुणी उभं नव्हतं, त्यामुळे उलट्या रिळेत पहिल्यांदाच मला तो पुरा दिसला.

ट्विचेलने प्रोजेक्टर थांबवला. मग म्हणाला, "बाई राहू द्या चित्रात. मी सांगतो मंडळाला. रीळही इथेच असू द्या, मला नक्कल पुरेल." आणि थोड्या वेळाने, "तुमचा भाऊ मला भेटला तेव्हा गोड माणूस वाटला होता." मी म्हटलं, आहेच गोड.

मग आम्ही ओप्लातेक मोडला; खरं तर तो जेवणाआधी मोडायचा, या गडबडीत मागे पडला होता. तो मोडताना एकमेकांना सगळं माफ करावं लागतं, नाहीतर मोडायचा नसतो. हे तुला आईने शिकवलं होतं. तुला ती आठवत नसली तरी हे आठवत असेल. मी पिएत्राकबाईंबरोबर मोडला, ट्विचेलबरोबर मोडला. तुझा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला होता, पाकिटात घालायला. ट्विचेलला तो दिसला. माणूस रीतीभातीचा, त्याने हात लावला नाही. विचारलं, "हे ताट कुणाचं होतं? मी कुणाच्या जागेवर तर नाही ना बसलो?"

पिएत्राकबाईंनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "कोण मला काय माहीत? असेल कुणाचं तरी. तुम्ही खा."

त्याने खाल्ला.

लोजा